मीटरचे दिवे बदलताय? या चुका टाळा

मारुती 800, ओम्नी किंवा केबलवर चालणारा स्पीडोमीटर असलेली त्या काळातली कोणतीही गाडी असो, मीटरचा बल्ब घरच्या घरी बदलता येतो. बल्ब स्वस्त असतो. महाग पडते ती मीटर काढतानाची घाई.

मुळात मीटर उघडायची गरज आहे का, ते आधी बघा. पार्किंग लाइट लावून गाडीच्या मागे जा. बहुतेक जुन्या गाड्यांत मीटरचा उजेड टेललाइटच्याच फ्यूजवर असतो, त्यामुळे मागचे दिवेही लागत नसतील तर आधी फ्यूज तपासा. मागे उजेड आहे पण मीटर पूर्ण काळोखात आहे, तर उजेड कमी-जास्त करायचं बटण (असल्यास) चार-पाच वेळा टोकापर्यंत फिरवा. वर्षानुवर्षं न हलवलेलं बटण आतून गंजतं. सगळे बल्ब एकदम सहसा जात नाहीत. एकच कोपरा काळा असेल, तर मात्र बल्ब गेला असण्याची शक्यता जास्त. दिवे लावताक्षणी पेट्रोलचा आणि टेंपरेचरचा असे दोन्ही काटे सरकत असतील, तर मीटरचं अर्थिंग ढिलं आहे. तिथे नवा बल्ब काही करणार नाही.

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बहुतेक ठिकाणी 10 मिमीचा पाना लागतो.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते स्क्रू काढल्यावर मीटर सरळ ओढल्याने. मागे स्पीडोमीटरची केबल अडकलेली असते. ओढाताणीत तिचं लॉक तुटतं. बोनेट उघडून केबल फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) रबरातून थोडी आत सरकवा. मग मीटर जेमतेम हात जाईल इतकंच पुढे घ्या आणि मागून लॉक दाबून, किंवा आटे असलेली रिंग फिरवून, केबल सोडवा. काढलेलं मीटर तोंडावर पालथं ठेवू नका, काट्यांना बोट लावू नका. काच पुसायला पेट्रोल किंवा थिनर तर अजिबात नको, प्लॅस्टिकला बारीक तडे जातात. ओलसर मऊ कापड पुरतं.

मीटरच्या पाठीवर तांब्याच्या पट्ट्या छापलेली प्लॅस्टिकची पातळ फिल्म असते. बल्बचा होल्डर पाव फेरा डावीकडे फिरवला की निघतो. स्क्रूड्रायव्हरने उचकटला तर खालची पट्टी सोलून येते, आणि त्या फिल्मवर सोल्डरिंग करायला गेलात तर फिल्मच वितळते. पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने घासा. पॉलिश पेपर लावू नका, तांब्याचा थर फार पातळ असतो.

बल्ब घेताना जुना नमुना दुकानात न्याच. उजेडासाठी साधारणपणे टी10 मापाचा, 12 व्होल्ट आणि 3 किंवा 3.4 वॅटचा, तळाला धातूची टोपी नसलेला बल्ब येतो. पार्किंगचा 5 वॅटचा बल्बही त्याच होल्डरमध्ये चपखल बसतो, म्हणून तोच हातात दिला जातो. पण त्याच्या उष्णतेने होल्डर आणि बल्बच्या काचेवरची रंगीत टोपी दोन्ही वितळू शकतात. मीटर उघडलंच आहे तर उजेडाचे सगळे बल्ब बदला, एकाच वयाचे असतात.

एलईडीचा मोह होतो. उजेडासाठी ती चालते, फक्त पेटली नाही तर उलटी करून बसवा, आणि उजेड कमी-जास्त करायचं बटण तिच्यावर नीट चालेलच असं नाही. बॅटरीच्या लाल दिव्यात मात्र एलईडी घालू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला) सुरुवातीचा करंट याच बल्बातून मिळतो. 3 वॅटचा बल्ब पाव अँपिअर देतो, एलईडी त्याच्या अगदी थोडा अंश. मग इंजिन चालू असूनही चार्जिंग सुरू होत नाही, आणि दोष अल्टरनेटरवर जातो.

स्क्रू लावण्याआधी कपलर (मीटरमागच्या वायरींचा प्लग) आणि बॅटरी जोडून चावी फिरवा. बॅटरीचा आणि ऑइलचा दिवा लागला पाहिजे, इंजिन सुरू होताच दोन्ही विझले पाहिजेत. मग निगेटिव्ह पुन्हा काढून मीटर बसवा. केबलचं चौकोनी टोक भोकात नीट बसवून लॉकचा टक आवाज ऐका, आणि बोनेटच्या बाजूने आत सरकवलेली केबल परत ओढून घ्या. ती डॅशबोर्डमागे दुमडून राहिली, तर गाडी चालू लागताच काटा थरथरतो आणि टकटक ऐकू येते.