वसुली एजंटचा फोन आला की हमखास होणाऱ्या चुका

हप्ते थकले की वसुलीचे फोन सुरू होतात. त्या दडपणाखाली माणूस जे बोलतो, भरतो आणि सही करतो, ते पुढे कर्जापेक्षा महागात पडतं.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे एजंटच्या हाती पैसे देणं. ‘आज दहा हजार टाका, फाइल बंद करतो’ असं सांगून तो स्वतःचा यूपीआय नंबर देतो. ती रक्कम कर्जखात्यात दिसतच नाही. पैसे भरायचे ते बँकेच्या अ‍ॅपवरून किंवा शाखेत, आणि थेट कर्जखात्यात. रोख द्यावीच लागली तर खाते क्रमांक लिहिलेली बँकेची छापील पावती जागच्या जागी घ्या.

सेटलमेंट, म्हणजे थकबाकीपेक्षा कमी रकमेत कर्ज मिटवणं, फोनवर ठरत नसतं. एक रुपयाही भरण्याआधी बँकेचं पत्र किंवा बँकेच्या अधिकृत पत्त्यावरून ई-मेल मागा. त्यात कर्जखाते क्रमांक, एकूण थकबाकी, ठरलेली रक्कम, भरण्याची शेवटची तारीख आणि ‘यानंतर काही येणे राहणार नाही’ हे वाक्य हवं. तारीख चुकली तर सवलत सहसा रद्द होते आणि पूर्ण थकबाकी पुन्हा उभी राहते. पैसे भरल्यावर नो ड्यूज दाखला घ्या. क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींत, मात्र ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ लागतं आणि पुढचं कर्ज अवघड होतं. म्हणून थोडा वेळ मिळाल्यास पूर्ण फेडणं शक्य असेल, तर आधी हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा.

जुन्या कर्जाच्या कागदावर तारखा न बघता सही करू नका. विनातारण कर्जासाठी दावा लावायची मुदत साधारण 3 वर्षं असते. त्या मुदतीत थकबाकी लेखी कबूल केली की मोजणी नव्याने सुरू होते. मुदत उलटून गेल्यावरही ‘फेडीन’ असं सही करून लिहून दिलं, तर त्या कागदावर दावा लागू शकतो.

‘उद्या पोलीस घेऊन येतो’ ही धमकी ऐकून लोक गावही सोडतात. हप्ता थकणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी अटक होत नाही. अपवाद चेक बाउन्सचा. चेक न वटल्याची नोटीस हाती आली की 15 दिवसांत पैसे भरायचे असतात, नाहीतर फौजदारी केस होऊ शकते. ती नोटीस कधीही टाळू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर राजमुद्रा छापलेलं ‘वॉरंट’ आलं तर त्यावरचा केस नंबर ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या सरकारी संकेतस्थळावर तपासा. लोकअदालतीचं बोलावणं म्हणजेही वॉरंट नव्हे. तिथली तडजोड दोघांच्या संमतीनेच होते.

आता छळाचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार थकीत कर्जासाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना किंवा मित्रांना त्रास हेही चालत नाही. मायक्रोफायनान्सच्या गटकर्जासाठी वेळ आणखी कमी, 9 ते 6. इथे लोक चिडून नंबर ब्लॉक करतात आणि पुरावाच घालवून बसतात. कॉल रेकॉर्ड करा, कॉल लॉगचे स्क्रीनशॉट ठेवा. घरी आलेल्याकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा.

तक्रार आधी बँकेकडेच, लेखी, आणि तक्रार क्रमांक जपून. एजंटच्या वागण्याची जबाबदारी बँकेची असते. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला फी नाही, माहितीसाठी 14448. बँकेची पायरी गाळून थेट लोकपालाकडे गेलेली तक्रार परत येते. मारहाण किंवा जिवाची धमकी असेल तर मात्र 30 दिवस थांबू नका, त्याच दिवशी पोलीस ठाणं गाठा.

गावातल्या खासगी सावकाराची तक्रार लोकपाल घेत नाही. महाराष्ट्रात ती सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करायची. परवाना नसताना सावकारी करणं हा 2014 च्या कायद्याने गुन्हा आहे.