वस्तऱ्याचा जुना दगड कुठला, हे कसं ओळखायचं

जुन्या बाजारात मिळालेला, वस्तऱ्याला धार लावायचा दगड बहुधा काळा, तेलकट आणि मधोमध खोलगट झालेला असतो. तो काळेपणा तेलाचा आणि पोलादाच्या मळीचा. म्हणून आधी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. तेल फार मुरलं असेल तर रात्रभर रॉकेलमध्ये ठेवा. मात्र दोन थर चिकटवलेला दगड त्यात बुडवू नका, डिंक सुटेल. उकळायचं तर कुठल्याच दगडाला नाही. टोकाला कागदी लेबल असेल तर ते टोक कोरडं राहू द्या.

मग सुईची खूण. धार लावायच्या पृष्ठावर नाही, बाजूच्या कडेवर पोलादी सुई दाबून ओढा. चर पडून फिकट भुकटी निघाली तर दगड स्लेटच्या, म्हणजे पाटीच्या दगडाच्या जातीचा. दगडाला काहीच न होता सुईचीच चंदेरी रेघ उमटली तर तो आर्कान्सा असण्याची शक्यता मोठी, कारण अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याचा हा नोव्हाक्युलाइट जवळजवळ शुद्ध क्वार्ट्झ असतो. काळ्या दगडावर लिंबाचा थेंबही टाकून बघा. फेस आला किंवा पांढरा डाग पडला तर तो चुनखडीचा, म्हणजे बहुधा कडप्पा. ओट्यावर लिंबू सांडलं की काय होतं, हे घरोघरी माहीत आहेच!

आर्कान्साची प्रत घनतेवरून कळते. कोरडा दगड वजन करा. वजनकाट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा आणि दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून धरा, तळाला टेकू न देता. आता दिसणारे ग्रॅम म्हणजे दगडाचं आकारमान घनसेंटिमीटरमध्ये. कोरडं वजन 390, बुडवल्यावर 150, तर घनता 2.6. वस्तऱ्याच्या शेवटच्या धारेला लागणारे काळे किंवा अर्धपारदर्शक आर्कान्सा 2.5 च्या वर असतात, सॉफ्ट नावाची सच्छिद्र प्रत साधारण 2.2 ते 2.3. क्वार्ट्झच 2.65 चा, तेव्हा आकडा 2.8 आला तर तो आर्कान्सा नव्हे किंवा मापात चूक आहे. तेल मुरलेला सॉफ्ट दगड खोटाच घट्ट भासतो, कारण छिद्रांत हवेऐवजी तेल असतं. अर्धपारदर्शक दगडाच्या कडेमागे टॉर्च धरली की उजेड आत झिरपतो.

सुईने चर पडणारा मऊ दगड निघाला तर तो उगाळा, सहाणेवर चंदनाचं खोड उगाळतात तसा: चार थेंब पाणी आणि बारीक डायमंड प्लेट, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेली पट्टी. बेल्जियमच्या आर्देन भागातला पिवळसर कोटिक्यूल दुधासारखा लेप देतो. त्याच्याच खाणीतला निळा दगड जांभळट. कोटिक्यूलच्या पाठीला निळा थर असतो. सांधा नागमोडी असेल तर तो नैसर्गिक, सरळ रेघ असेल तर मागे स्लेट चिकटवलेली. यात दोष नाही, पातळ थर फुटू नये म्हणून ते करत. कोटिक्यूलमधले गार्नेट या खनिजाचे कण जड, त्यामुळे पिवळा थर स्लेटपेक्षा वजनदार लागतो.

जर्मनीतला थुरिंगियन निळसर किंवा हिरवट असला तरी लेप फिकट देतो आणि तो चटकन तयार होतो. झॉनेबर्गच्या एशर कंपनीचं लेबल असेल तर किंमत चढते, पण लेबल नंतरही चिकटवता येतं, म्हणून लेप बघूनच विश्वास ठेवा. हिरव्या दगडात तांबूस-तपकिरी रेषा असतील आणि लेप निघता निघत नसेल तर इंग्लंडमधल्या लेस्टरशायरचा चार्नली फॉरेस्ट आठवा. तो कठीण आणि फार संथ असतो.

भिंगाखाली सगळे कण सारख्या आकाराचे चमकत असतील, अक्षरं साच्यातून उठलेली असतील, तर दगड कारखान्यातला.

शेवटी वस्तरा, पण आधी दगड सपाट करून. काचेवर 220 नंबरचा वॉटर पेपर, मग 600, मग 1000. पृष्ठावर पेन्सिलने चौकड्या आखा आणि त्या पूर्ण पुसल्या जाईपर्यंत घासा. पाणी सोडू नका, सुकी धूळ फुप्फुसात जाते. मग जुन्या वस्तऱ्याचा कणा आणि धार दोन्ही टेकवून, वजन न देता 30 हात मारा आणि भिंगातून धारेलगतची पट्टी बघा. ओरखडे मोजता येत असतील तर हा दगड शेवटच्या धारेसाठी नाही, नाव कितीही मोठं असो.