बदकांच्या शिकारीला जाताना: लपायचं कसं, सांभाळायचं काय

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानबदकांवर बंदूक उचलणं म्हणजे गुन्हा. त्यामुळे हे लिहितोय ते अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी. तिकडे थंडी पडली की ऑफिसातलं कुणीतरी हमखास ‘शनिवारी येतोस का?’ म्हणून विचारतं.

आधी कागदपत्रं. राज्याचा शिकार परवाना, स्थलांतरित पक्ष्यांसाठीची एचआयपी नोंदणी आणि वय १६ किंवा जास्त असेल तर २५ डॉलरचा फेडरल डक स्टॅम्प, म्हणजे पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी केंद्र सरकारचं तिकीट. पहिल्यांदाच जाणाऱ्याला बहुतेक ठिकाणी सुरक्षा प्रशिक्षणही करावं लागतं. एच-१बीसारख्या व्हिसावर एरवी बंदूक बाळगायला मनाई असते. वैध शिकार परवाना असल्यास सूट मिळते. म्हणून परवाना हातात आल्याशिवाय मित्राची बंदूकही हातात घेऊ नका. शंका असेल तर वकिलाला विचारा.

आता लपणं. कपडे त्या पाणथळीच्या रंगाचे हवेत. डिसेंबरातल्या वाळक्या पाणकणसात हिरवागार कॅमोफ्लाज लांबूनही उठून दिसतो. आडोशाला तिथलंच वाळकं गवत खोचा. पण खरा घात करतो तो चेहरा. बदकं डोक्यावर घिरट्या घालू लागली की मान आपोआप वर जाते, उजेडात कपाळ चमकतं आणि अख्खा थवा वळतो. तोंडावर जाळी घ्या, टोपी पुढे ओढा, फक्त डोळे वर करा. बदकं वाऱ्याला तोंड करून उतरतात, तेव्हा वारा पाठीवर घेऊन बसा आणि थव्याला भुलवायला पाण्यावर नकली बदकं मांडताना समोर उतरण्यापुरतं पाणी मोकळं सोडा. (भिगवणला कॅमेरा घेऊन बसणाऱ्यांनाही चेहऱ्याची ही युक्ती लागू पडते.)

सगळे बंदुकीला भितात. मला जास्त धास्ती गार पाण्याची वाटते. छातीपर्यंतच्या वेडर्सवर (पाण्यात उतरायची बुटांसकटची जलरोधक विजार) कमरेचा पट्टा घट्ट आवळा, नाहीतर तोल गेला की पाणी थेट पायांपर्यंत भरतं. होडीत लाइफ जॅकेट अंगातच हवं, बंदूक रिकामी. काडतुसं भरायची ती जागेवर बसल्यावर. कोण कुठल्या बाजूला मारणार हे उजाडण्याआधी ठरवा. पक्षी शेजाऱ्याच्या बाजूला गेला की तो त्याचा. पडलेलं बदक आणायला गेलेला कुत्रा पाण्यात असताना खालून उडणाऱ्या बदकावर गोळी नाही.

पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ पासून अमेरिकाभर बंद आहेत. तळाशी पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. स्टील किंवा बिस्मथ वापरा. बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं मावायला हवीत. वेळ साधारण सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तापर्यंत, पण राज्याचं त्या वर्षीचं पत्रक वाचाच. रोजची मर्यादा जातीनुसार, कधी नर-मादीनुसारही बदलते. हंगामाच्या सुरुवातीला मॅलार्ड या रानबदकाचे (एरवी नराचं डोकं हिरवं) काही नरही मादीसारखे तपकिरी दिसतात. ओळख पटली नाही तर सोडून द्या. पस्तीस-चाळीस यार्डांपलीकडे मारू नका. जखमी बदक पडलं तर आधी ते शोधून आणा, मगच पुढचा थवा. घरी नेताना प्रत्येक बदकाचं डोकं किंवा एक पंख पिसांसकट तसाच ठेवा; वाटेत अधिकाऱ्याने अडवलं तर जात त्यावरूनच ओळखतात.