फोटोरेस्पिरेशन आणि सी-३, सी-४, कॅम लिहिताना या चुका टाळा

अकरावीचे पेपर तपासायला घेतले की या चॅप्टरला माझ्या लाल पेनाची रिफिल संपते. दरवर्षी त्याच चुका. आधी थोडक्यात: सी-३, सी-४, कॅम म्हणजे झाडांचे सीओटू (कार्बन डायऑक्साइड) पकडून साखर बनवायचे तीन मार्ग, आणि सीओटू पकडणारं एन्झाइम रुबिस्को चुकून ऑक्सिजन पकडतं तेव्हा होतं ते फोटोरेस्पिरेशन.

सगळ्यात डोकं फिरवणारी म्हणजे "सी-४ झाडात रुबिस्को नसतं". अरे, ऊस सी-४च ना, मग त्यात साखर कोण बनवतं? मेसोफिलमध्ये (पानाच्या मधल्या पेशींत) पेप कार्बोक्सिलेज हे दुसरं एन्झाइम कार्बन पकडतं, त्याचं चार कार्बनचं आम्ल होतं, ते बंडल शीथमध्ये (शिरांभोवतीच्या पेशींत) जातं, तिथे सीओटू सुटतो आणि तिथे रुबिस्को बसलेलंच असतं, केल्विन सायकलसकट, म्हणजे साखर बनवणाऱ्या अभिक्रियांच्या चक्रासकट. त्याच्याभोवती सीओटू इतका दाटतो की ऑक्सिजनला चान्स फारसा मिळत नाही, एवढीच गंमत. मी आकृतीत आधी रुबिस्कोची जागा लिहायला लावते, बाण नंतर. आणि हे फुकट नाही हं, एका सीओटूमागे सी-३ ला ३ एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) लागतात, सी-४ ला ५. त्यामुळे "सी-४ कधीही भारी" असं ठोकून देऊ नका.

"गवत म्हणजे सी-४": भात, गहू गवतच आहेत, दोन्ही सी-३. राजगिरा गवत नाही, तरी सी-४.

"फोटोरेस्पिरेशनमधून एटीपी मिळतो": मिळत नाही, उलट खर्च होतो. रात्री होतं म्हणणाऱ्यांनी नावातला फोटो वाचावा.

"सगळा कार्बन वाया जातो": रुबिस्कोने ऑक्सिजन पकडला की फॉस्फोग्लायकोलेट हा दोन कार्बनचा रेणू बनतो; अशा दोघांचे चार कार्बन, त्यातले तीन परत येतात, एक सीओटू होऊन जातो. हे काम पेशीच्या तीन भागांत चालतं, म्हणून क्लोरोप्लास्ट, पेरॉक्सिझोम, मायटोकॉन्ड्रिया तिन्ही लिहा, एकावर भागवू नका.

आता माझं दुखणं, "कॅम झाडं रात्री प्रकाशसंश्लेषण करतात". रात्री ती फक्त सीओटू आत घेऊन मॅलिक आम्ल करून व्हॅक्युओलमध्ये (पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत) साठवतात, साखर दिवसाच, स्टोमॅटा (पानावरची छिद्रं) बंद ठेवून. पानफुटीचं पान सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतं हे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हायनेनं भारतात राहून टिपलं होतं, १८१५ साली छापूनही आलं. म्हणून एका वर्षी मी तोच प्रोजेक्ट दिला, एक पान पहाटे, एक दुपारी, दोन्हींचा रस आम्लता दाखवणाऱ्या पीएच पट्टीवर. सोपं ना? एका ग्रुपला पहाटे उठणं जिवावर आलं, त्यांनी साडेअकराला पान तोडलं, दुसरं चारला, पट्टीचा रंग जवळपास सारखाच, आणि कन्क्लुजन काय तर "पानफुटी कॅम नाही"! दुसऱ्यांनी पहाटे तोडलं खरं, पण खिडकीत उन्हात ठेवून दुपारी कुटलं. तोडलेल्या पानाचं काम लगेच थांबत नाही रे बाबांनो, आम्ल तिथेच वापरलं जातं. पहाटे तोडलं की तिथल्या तिथे कुटायचं, आणि जून पान घ्यायचं, कोवळं नको.

तेव्हापासून मी पहाटे सहाला खलबत्त्यात पान कुटतानाचा फोटो मागते. मागच्या बॅचमधल्या एकाने ताईचा दोन वर्षांपूर्वीचा फोटो पाठवला.