टीआय-८४ वर १५ आकड्यांचं कोडं

टीआय-८४ प्लस या ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर गेम करायचा असेल तर १५ च्या सरकत्या कोड्यापासून (४ बाय ४ च्या चौकटीत एक जागा रिकामी, तिच्यात आकडे सरकवत १ ते १५ क्रमाने लावायचे) सुरू करा, मस्त जमतं. प्रोग्राम बटण दाबून नवीन प्रोग्राम उघडा, आणि एक सांगून ठेवतो, कमांड एकेक अक्षर टाइप करून चालत नाही, मेन्यूतूनच उचलावी लागते.

४ बाय ४ चं मॅट्रिक्स (आकड्यांचा तक्ता) ए घ्या, त्यात १ ते १५ ओळीने भरा, शेवटचा ० म्हणजे रिकामी जागा, आणि त्याचीच कॉपी बी मध्ये ठेवा. रिकामी जागा कुठल्या ओळीत नि कॉलममध्ये आहे ते आर आणि सी या व्हेरिएबलमध्ये.

आता खरी गंमत शफलची. आकडे रँडम टाकून मोकळे होऊ नका, कारण अशा निम्म्या मांडण्या सुटतच नाहीत, नुसते १४ आणि १५ अदलाबदल केले तरी कोडं कायमचं अडकतं. त्यापेक्षा सुटलेल्या कोड्यातूनच रिकामी जागा १००-२०० वेळा रँडम सरकवा, मशीन स्लो आहे, थोडं थांबावं लागेल.

कुठलं बटण दाबलं ते कळायला गेटकी ही कमांड, पण ती बटण दाबेपर्यंत थांबत नाही, म्हणून रिपीट लूपमध्ये टाका, म्हणजे बटण दाबेपर्यंत ती पुन्हा पुन्हा चालेल. बाणांच्या बटणांचे कोड: डावा २४, वर २५, उजवा २६, खाली ३४. सरकवण्याआधी कडेच्या बाहेर जात नाही ना ते बघा, नाहीतर एरर.

स्क्रीन ८ ओळी, १६ कॉलमची, आउटपुट या छापायच्या कमांडने प्रत्येक आकड्याला ३ कॉलम द्या. आधी दोन स्पेस छापा मग आकडा, नाहीतर १२ च्या जागी ७ आला की ७२ दिसतं 😄 ए बरोबर बी झालं की जिंकलात.