गाडीचं डेंटिंग-पेंटिंग: खानदेशच्या उन्हात या चुका टाळा

मे महिन्यात अमळनेरकडची एक बोलेरो आमच्याकडे आली. दाराचा रंग तळहाताएवढा पापुद्रा होऊन उठलेला. मालक कळवळून म्हणाले, "सा महिनाबी नही व्हयनात, भाऊ!" खरवडून पाहिलं तर आत बोटभर जाड लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. पत्रा ठोकलाच नव्हता, पोचा तसाच ठेवून पुट्टीनं बुजवला होता.

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. मागून डॉली (टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा) धरून हातोडीनं पत्रा मूळ आकारात आणायचा आणि लांबी फक्त उरलेल्या बारीक उंचसखलपणापुरती, फार तर 2-3 मिलीमीटर. इथं उन्हाळ्यात पारा 45 च्या आसपास जातो, उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. पत्रा आणि लांबी सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, म्हणून जाड थराला भेग पडतेच. चांगला कारागीर हातात पातळ कापड घेऊन, डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवतो. नजरेला न दिसणारी लाट हाताला कळते. तुम्ही एकच करा: लांबी लावण्याआधी, पत्रा उघडा असताना एकदा गॅरेजवर जाऊन बघा. काम झालेली गाडी घेत असाल तर रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक दारावर फिरवा. जिथं पकड ढिली पडते, तिथं लांबी जाड आहे.

उन्हाळ्यात लांबी पाटीवरच आवळते, म्हणून काही जण हार्डनर (लांबी घट्ट करणारं रसायन) कमी घालतात. मग ती आतून कच्ची राहते, नंतर बसते आणि रंगातून पॉलिश पेपरचे ओरखडे दिसू लागतात. जास्त घातला तर त्याचा लालसरपणा पांढऱ्या रंगातून वर येतो. 100 ग्रॅमला 2 ग्रॅमच्या आसपास हे प्रमाण सोडू नका. थोडी-थोडी कालवा, सकाळी कालवा.

पावसाळ्यात वेगळंच दुखणं. लांबी पाणी पिते. पाणी लावून पेपर मारला आणि लगेच सरफेसर (रंगाखालचा अस्तराचा थर) चढवला, तर अडकलेली ओल पुढं फोड होऊन बाहेर येते. लांबी कोरडीच घासावी. आणि उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर हवाच, नाहीतर गंज खालून चालत येतो.

रंग मारताना भर दुपार टाळा. झटपट सुकणाऱ्या थिनरनं रंग हवेतच सुकतो आणि हाताला खरखरीत लागतो. रंगाचा जाड हात एकदम मारला की वरची साय धरते, आतलं थिनर कोंडतं आणि टाचणीएवढी भोकं पडतात. उन्हाळ्याचं सावकाश उडणारं थिनर घ्या, दोन हातांमध्ये 10-15 मिनिटं थांबा, जमिनीवर पाणी मारा. बूथ (रंग मारायची बंद खोली) नसेल तर वारा सुटायच्या आत, पहाटेच हे काम उरका.

सिल्व्हर आणि ग्रे मेटॅलिकची शेड ट्यूबलाइटखाली पास करू नका, उन्हात बघा. शेजारच्या पॅनलवर रंग विरवण्याचे पैसे मागितले तर ती लूट नाही, त्याशिवाय फरक लपतच नाही.

आता विमा. झीरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर रंगाच्या मटेरियलवर 50 टक्के घसारा कापतात. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या कारला 1000 रुपये सक्तीनं तुमच्याच खिशातून जातात. क्लेम केला की 20 ते 50 टक्क्यांपर्यंत वाढत गेलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूटही जाते. एखाद्या दाराच्या ओरखड्यासाठी हिशेब आधी मांडा. बऱ्याचदा रोख काम स्वस्त पडतं.

एक गोष्ट मनाला लागते. टूके रंगाच्या (हार्डनर मिसळून मारायचा रंग) हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं दमा जडतो. तरी कित्येक पोरं तोंडाला नुसता रुमाल बांधून स्प्रे मारतात. रुमालानं ती वाफ अडत नाही. मालकांनो, पोरांना फिल्टरचा मास्क द्या, फिल्टर वेळेवर बदला आणि बंद खोलीत हवा बाहेर ओढणारा पंखा लावल्याशिवाय गन हातात देऊ नका.