‘सर्व’ चिन्हांत कसं लिहायचं: ∀ नंतर ‘जर–तर’च का?

∀ म्हणजे ‘प्रत्येकासाठी’. ∀क्ष सम(क्ष) हे ‘प्रत्येक क्ष सम आहे’ असं वाचायचं. चिन्हाची ओळख एवढ्यात संपते. खरी अडचण पूर्ण वाक्य चिन्हांत उतरवताना येते.

सुरुवातीला क्ष कुठल्या गोष्टींमधून घ्यायचा ते ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा. इथे आपण ०, १, २, ३… या संख्या घेऊ. मग वाक्यातले गुणधर्म वेगळे काढा. वाक्य असं आहे: ‘४ ने भाग जाणारी प्रत्येक संख्या सम असते.’ चार(क्ष) म्हणजे क्षला ४ ने भाग जातो. सम(क्ष) म्हणजे क्ष सम आहे.

आता खरी पायरी. इथे बहुतेक जण ∀क्ष (चार(क्ष) ∧ सम(क्ष)) असं लिहून मोकळे होतात (∧ म्हणजे ‘आणि’), कारण कानाला ‘भाग जातो आणि सम आहे’ हे बरोबर वाटतं. पण हे विधान जगातली प्रत्येक संख्या ४ ने भाग जाणारी आहे असा दावा करतं. एक ७ पुढे केला की ते कोसळतं. मूळ वाक्य तर ७ बद्दल काहीच बोलत नव्हतं.

बरोबर रूप असं: ∀क्ष (चार(क्ष) → सम(क्ष)). इथे → म्हणजे ‘जर–तर’. कोणतीही संख्या उचला. जर तिला ४ ने भाग जात असेल, तर ती सम आहे. जर्मन तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेग यांनी १८७९ मध्ये ‘सर्व’ची विधानं याच जर–तरच्या साच्यात बसवली. ∀ हे चिन्ह बरंच नंतर, १९३५ मध्ये, तर्कशास्त्रज्ञ गेरहार्ड गेंटझेन यांनी वापरात आणलं.

‘जरचा भाग खोटा असेल तर अख्खं जर–तर खरं, हा संकेत आहे, पाठ करून टाका,’ असं अनेक मार्गदर्शकांत छापलेलं असतं. हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. त्याने मलाही फार काळ घोळात ठेवलं. पाठ करण्याऐवजी तपासून पाहा. आपलं वाक्य खरं आहे, याबद्दल वाद नाही. म्हणजे कंसातलं जर–तर प्रत्येक संख्येसाठी खरं ठरायला हवं. ८ घ्या: भाग जातो, सम आहे. ६ घ्या: भाग जात नाही, तरी सम आहे. ७ घ्या: भागही जात नाही, समही नाही. या तिन्ही ठिकाणी जर–तर खरं धरलं नाही, तर आपलं निर्विवाद वाक्यच खोटं पडेल. ते खोटं पाडू शकणारा एकच प्रकार उरतो: भाग जातो, पण सम नाही. अशी संख्या सापडत नाही. सत्यता-कोष्टकाच्या (दोन्ही भाग खरे-खोटे असताना जर–तर खरं की खोटं ते दाखवणाऱ्या तक्त्याच्या) चारही ओळी अशा ∀मधूनच निघतात.

याचा एक परिणाम पचायला जड जातो. ‘२४ आणि २८ यांच्या मधली प्रत्येक मूळ संख्या १००० पेक्षा मोठी आहे’ हे विधान खरं आहे! २५, २६, २७ यांत मूळ संख्याच नाही, त्यामुळे विधान मोडणार कोण? अ‍ॅरिस्टॉटलच्या परंपरेत ‘सर्व अ ब आहेत’ यावरून ‘काही अ ब आहेत’ असं काढता येई. आधुनिक तर्कशास्त्रात ते आपोआप निघत नाही. अ अस्तित्वात आहे हे सांगायचं असेल तर वेगळं लिहा.

∃ म्हणजे ‘निदान एक तरी आहे’. तिथे मात्र ∧ च हवा. ‘१० पेक्षा मोठी एक तरी मूळ संख्या सम आहे’ हे खोटं वाक्य → ने लिहिलंत तर ४ मुळे ते खरं ठरेल, कारण ४ मूळही नाही आणि १० पेक्षा मोठीही नाही.

नकाराच्या बाबतीत मराठी वाक्यावर विसंबू नका. ‘या यादीतल्या सगळ्या संख्या मूळ नाहीत’ हे ऐकून एक जण ‘एकही मूळ नाही’ असं समजतो, दुसरा ‘निदान एक तरी मूळ नाही’ असं. ¬ म्हणजे ‘नाही’. पहिल्याचं रूप ∀क्ष (यादी(क्ष) → ¬मूळ(क्ष)), दुसऱ्याचं ∃क्ष (यादी(क्ष) ∧ ¬मूळ(क्ष)). बोलणाऱ्याला काय म्हणायचंय ते विचारा, मगच लिहा.

∀ खोटं पाडायला एक उदाहरण पुरतं. न² + न + ४१ मध्ये न च्या जागी ० ते ३९ पैकी काहीही घाला, मूळ संख्याच मिळते. ४० घातलं की १६८१, म्हणजे ४१ × ४१. सिद्ध करायला मात्र उदाहरणांचा ढीग उपयोगाचा नाही. ४ ने भाग जाणारी कोणतीही क्ष घ्या: म ही कुठलीतरी संख्या धरून क्ष = ४म = २ × २म, म्हणून सम. १२ घेऊन दाखवलंत तर फक्त १२ पुरतंच सिद्ध होतं.

∀ आणि ∃ एकत्र आले की क्रम बदलू नका. ∀क्ष ∃य (य > क्ष) खरं आहे, प्रत्येक संख्येहून मोठी संख्या सापडते. ∃य ∀क्ष (य > क्ष) खोटं आहे, कारण त्या य ला स्वतःपेक्षाही मोठं असावं लागेल.